पाणलोट राखण्यासाठी गावाने जमीन-वापराचा आराखडा कसा करावा

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या माण तालुक्यात तो जेमतेम पाचशे मिलिमीटरवर येऊन थांबतो. कृष्णा, वेण्णा, कोयना, उरमोडी आणि तारळी या नद्या पश्चिमेच्या डोंगरांतून भरून येतात. येरळा मात्र खटावच्या माळावरून निघून, तासगाव-पलूसकडे सरकत, ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. सांगलीकरांना या नद्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांमुळे आठवतात. आयर्विन पुलाजवळची धोका पातळी ४५ फूट असताना ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. खटाव-माणच्या माणसाच्या मनात नदी म्हणजे कोरडे पात्र आणि उन्हाळ्यातला टँकर. पाऊस किती पडावा किंवा धरणातून किती विसर्ग व्हावा हे गावाच्या हातात नाही, आणि मोठ्या पुराचे संपूर्ण उत्तर गावाच्या आराखड्यात सापडेल असे कोणी मानू नये. मात्र आपल्या शिवारावर पडलेले पाणी किती वेगाने ओढ्याला लागते, जाताना किती माती नेते आणि किती जमिनीत मुरते, हे त्या जमिनीवर माणसाने काय मांडले आहे यावर ठरते, आणि ते ठरवणे गावाला बऱ्याच अंशी शक्य आहे.

आपल्याकडे पाणलोटाचे, म्हणजे एका ओढ्याला पाणी देणाऱ्या सगळ्या जमिनीचे, काम म्हटले की पहिली मागणी सिमेंट बंधाऱ्याची होते. बंधारा उपयोगाचा आहे यात शंका नाही. पण त्याच्या वरच्या अंगाला उतारावरून उभा नांगर फिरत असेल, डोंगर फोडून प्लॉट पडत असतील आणि दर उन्हाळ्यात वणवा लागत असेल, तर तो काही पावसाळ्यांतच गाळाने भरतो व पुन्हा गाळ काढण्यासाठी निधी मागावा लागतो. म्हणून येथे सुचवलेला क्रम वेगळा आहे. कोणत्या जमिनीवर काय करावे आणि काय मुळीच करू नये हे गावाने आधी ठरवावे, ते नकाशावर व दप्तरात आणावे आणि त्यानंतरच चर, बांध व बंधाऱ्यांचा विचार करावा.

पाणलोटाची हद्द आखणे

गावाची हद्द महसुली असते आणि पाणी ती पाळत नाही, त्यामुळे आराखड्याचा नकाशा गावाचा न करता ओढ्याचा करावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे त्या विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यांवर समान उंचीच्या रेषा असतात. आपला ओढा ज्या ठिकाणी नदीला किंवा मोठ्या ओढ्याला मिळतो तो बिंदू प्रथम पक्का करावा. तेथून दोन्ही बाजूंनी वर चढत जाणारी डोंगराची धार शोधावी, म्हणजे जिच्या एका अंगाला पडलेले पाणी आपल्याकडे येते आणि दुसऱ्या अंगाचे पलीकडच्या ओढ्यात जाते ती रेघ. दोन्ही रेघा माथ्यावर जेथे मिळतात तेथे पाणलोट पूर्ण होतो. सुरुवातीचा बिंदू सोडून ही रेघ कोठेही एखाद्या ओहळाला छेदत असेल, तर ती चुकली आहे असे समजून पुन्हा आखावी. उपग्रहाच्या चित्रावर, विशेषतः इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर किंवा गूगल अर्थवर, ती ताडून पाहता येते. तरीही धारेवर प्रत्यक्ष चालून जाण्याला पर्याय नाही, कारण रस्त्याच्या कटाईने किंवा जुन्या पाटाने पाणी एका पाणलोटातून दुसऱ्यात वळलेले असते आणि नकाशा ते सांगत नाही.

पाचशे ते हजार हेक्टरचा पाणलोट गावाला सांभाळता येतो. त्याहून मोठा असेल तर उपओढ्यांप्रमाणे त्याचे भाग करावेत. बहुतेक वेळा माथा एका गावाचा, मधली वाडी दुसऱ्या ग्रामपंचायतीची आणि विहिरी तिसऱ्या गावाच्या असतात. अशा वेळी तिन्ही ठिकाणच्या लोकांची एकत्र समिती करावी लागते, आणि तिच्यापुढचा पहिला प्रश्न तांत्रिक नसून देण्याघेण्याचा असतो. माथ्यावरच्या वाडीने चराई आवरली तर पाणी खालच्या गावाच्या विहिरीला येणार आहे. मग खालच्या गावाने वैरण, श्रमदान किंवा बांधबंदिस्तीचा खर्च यांपैकी काहीतरी वर पाठवले पाहिजे. हा व्यवहार पहिल्याच बैठकीत मोकळेपणाने बोलला नाही, तर पुढचा सगळा आराखडा वरच्यांना आपल्यावर लादलेला वाटतो, आणि तसे वाटण्यात त्यांची चूक नसते.

शिवारफेरी

शिवारफेरी किमान दोनदा करावी. एकदा मे महिन्यात, जेव्हा जमीन उघडी असते आणि कोठे ओल टिकून आहे ते दिसते. आणि एकदा जुलैच्या जोरदार पावसात, छत्र्या-इरली घेऊन, जेव्हा पाणी खरोखर कोठून वाहते ते दिसते. दुसरी फेरी बहुतेक गावे टाळतात, परंतु आराखड्याला खरा आधार तिच्यातूनच मिळतो. गढूळ पाणी कोणत्या शेतातून येते, कोणत्या मोरीत तुंबते, कोणत्या ताली (उतारावरील शेतांचे बांध) फुटल्या आहेत आणि कोणता ओहळ कोणाच्या तरी सपाटीकरणात गाडला गेला आहे, हे पाऊस चालू असताना लपून राहत नाही.

फेरीत मेंढपाळ, पाणी भरणाऱ्या महिला, विहीर खोदणारे कारागीर आणि गावातील सर्वांत वृद्ध शेतकरी असावेत. आपला प्रदेश काळ्या बेसाल्ट खडकाच्या थरांचा आहे. त्यांत कठीण पाषाणाचे थर आणि झिजलेल्या, भोकाभोकांच्या मांजऱ्या खडकाचे थर एकावर एक बसलेले असतात, अधूनमधून गेरूचा तांबडा पट्टा लागतो आणि सगळ्यांत वर मुरूम व माती असते. पाणी मुरूम आणि मांजऱ्यात साठते. कठीण पाषाणात ते फक्त भेगांतून सरकते. कोणत्या विहिरीला किती परसांवर कोणता थर लागला हे विहीर खोदणाऱ्याच्या लक्षात असते, आणि ही माहिती नकाशावर मांडली की पाणी मुरण्याच्या जागा बऱ्याच अंशी उलगडतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील भूवैज्ञानिकांकडून त्याची पडताळणी करून घ्यावी.

नकाशावर प्रत्येक जिवंत झरा, तो कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, प्रत्येक घळ, जुनी ताल, दगडखाण, वणवा लागण्याच्या जागा, गुरांच्या वाटा आणि पुराच्या पाण्याची घरांच्या भिंतींवरील खूण यांची नोंद करावी.

दप्तरातील जमीन

जमीन कोणाची आहे हे ठाऊक नसताना तिच्या वापराचा निर्णय करणे व्यर्थ असते. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडील गाव नकाशा आणि सातबारा यांबरोबर गाव नमुना १-अ (वनजमिनी), १-ब (सरकारी जमिनी) आणि १-ई (अतिक्रमणे) पाहावेत. सातबारावरील पोटखराब्याकडे विशेष लक्ष द्यावे. वर्ग ‘ब’ चा पोटखराबा हा ओढे, नाले, रस्ते, स्मशान अशा सार्वजनिक कारणांसाठी राखलेला असतो, आणि अनेक गटांत तो कागदावर ओढा असून प्रत्यक्षात उसाचा सरा झालेला आढळतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे आणि नाले यांची पात्रे शासनाची आहेत. जेथे ओढा नाहीसा झाला आहे तेथे भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्यावेत. एकाच शेतकऱ्याच्या बांधावर मोजणी नेली तर ती वैराचे कारण होते. उगमापासून संगमापर्यंत सगळ्या ओढ्याची मोजणी एकदम मागितली, तर कोणाकडे बोट दाखवल्यासारखे होत नाही.

गायरानाची नोंद वेगळी करावी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश दिले आणि महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी त्याला अनुसरून निर्णय काढला. सामाईक जमीन राखू इच्छिणाऱ्या गावाला हा आधार पुरेसा भक्कम आहे. मात्र गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी भूमिहीन कुटुंबे आणि अलीकडे कुंपण घातलेले धनिक यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल, आणि ग्रामसभेने हा भेद आपल्या ठरावात स्पष्टपणे लिहावा.

जमिनीचे पट्टे आणि त्यांचे नियम

आता आराखड्याचा गाभा. प्रत्येक गटाचा उतार आणि मातीची खोली मोजून पाणलोटाचे पट्टे पाडायचे असतात. उतार मोजण्यासाठी पारदर्शक नळीची पाणसळ किंवा ए-फ्रेम (इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची, ओळंबा लावलेली चौकट) पुरते. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतील जलसंधारण स्पर्धेमुळे ही साधने अनेक गावांच्या ओळखीची झाली आहेत. सपाट अंतर २० मीटर धरून जमीन ३ मीटर खाली गेली, तर उतार १५ टक्के. मातीची खोली पहारीने पाहावी: मुरूम हाताला किती वितींवर लागतो ते लिहावे. कृषी खात्याच्या वर्गीकरणात जमिनीचे आठ वर्ग असतात. पहिले चार लागवडीयोग्य आणि पुढचे चार गवत, झाडोरा व वन यांसाठी. ढोबळ मानाने, उतार जितका अधिक व माती जितकी उथळ, तितका तिच्यावर नांगराचा हक्क कमी, हे सूत्र धरून चालावे.

माथ्यापासून सुरुवात करावी. पश्चिमेकडील कास, चाळकेवाडी, वनकुसवडे यांसारख्या पठारांवर जांभ्याचा सडा, म्हणजे तांबड्या सच्छिद्र खडकाचा उघडा सपाट माथा, असतो. तो दिसायला नापीक खडक वाटतो आणि म्हणूनच दप्तरात ‘पडीक’ म्हणून लिहिला जातो. परंतु पावसाळ्यात तोच पाणी शोषून घेतो आणि पुढे कित्येक महिने कड्याखालच्या झऱ्यांना पुरवतो. कास तलाव, ज्याच्यातून सातारा शहराला पाणी मिळते आणि जेथून उरमोडी वाहू लागते, तो याच व्यवस्थेवर उभा आहे. २०१२ मध्ये कास पठाराचा समावेश पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत झाला. सड्यावर नांगरट, खाण, जांभ्याचे चिरे काढणे, वाहनांच्या नव्या वाटा आणि शेतघरे यांना आराखड्यात सरळ मनाई असावी. त्याचबरोबर सड्यावर वृक्षलागवडही करू नये. हे अनेकांना विचित्र वाटते, पण खड्डे मारून तेथे परकी झाडे लावल्याने पातळ मातीचा थर विस्कटतो आणि त्यावर उगवणारी, इतरत्र न आढळणारी गवते व फुले जातात. चांगल्या हेतूने केलेली ही हानी दर पावसाळ्यात होत राहते, म्हणून ती ठरावात नावानिशी लिहावी.

पूर्वेकडील माथा निराळा आहे. खटाव, माण, आटपाडी, कवठेमहांकाळ येथील माळ हे खरे गवताचे प्रदेश आहेत. पवना, मारवेल, डोंगरी यांसारखी गवते दोन-तीन हंगाम राखली तर पावसाच्या थेंबाचा मारा तीच अडवतात आणि वैरणही देतात. येथे सलग समतल चरांचे, म्हणजे एकाच उंचीवर उताराला आडवे खोदलेल्या चरांचे, काम योग्य ठरते. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल चराच्या प्रत्येक मीटरमध्ये एकदा भरल्यावर १८० लिटर पाणी थांबते. चर समपातळीत आणि माती खालच्या अंगाला, एवढे दोन नियम मोडले तर चराचीच घळ होते. चराईसाठी माळाचे तीन-चार भाग करून आळीपाळीने ते बंद-खुले करावेत, आणि हे वेळापत्रक मेंढपाळांना विश्वासात घेऊन ठरवावे. स्थलांतराच्या काळात बाहेरून येणारे कळप आराखड्यात गृहीत धरले नाहीत, तर पहिल्याच वर्षी चराईबंदी मोडते.

माथ्याखालच्या तीव्र उतारांवर जिल्ह्याच्या दोन भागांत दोन वेगळे नियम लागतात, आणि येथे मी अधिक आग्रहाने लिहितो, कारण यात माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून घरे गाडली गेली. अतिपावसाच्या प्रदेशात, खोल माती असलेल्या तीव्र उतारावर पाणी ‘मुरवण्यासाठी’ चर खोदणे म्हणजे त्या मातीवरचा भार वाढवणे. तेथे पाणी सुरक्षितपणे खाली उतरवणे हेच काम असते: उताराच्या पायाशी कटाई न करणे, नैसर्गिक ओहळ मोकळे ठेवणे, जुनी झाडे न तोडणे आणि जेथे जमिनीला भेगा पडलेल्या किंवा झाडे तिरकी झालेली दिसतात तेथील वस्ती हलवण्याचा प्रस्ताव वेळेत देणे. पूर्वेला, कमी पावसात, ३३ टक्क्यांपर्यंतच्या उतारावर चर, दगडी बांध आणि गवत यांचा मेळ घालता येतो. त्याहून तीव्र उतार केवळ राखून ठेवावा. बांधकामाच्या बाबतीत १:५ पेक्षा तीव्र उतार नियोजनात बांधकामाला अयोग्य धरले जातात, आणि गावाने हीच मर्यादा दोन्ही भागांत धरावी.

रस्त्यांकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि पाणलोटाचे मोठे नुकसान तेथे होते. पवनचक्क्यांसाठी, शेतघरांसाठी किंवा नुसत्या ट्रॅक्टरसाठी डोंगरात काढलेला रस्ता वरून येणारे सगळे ओहळ एका गटारात गोळा करतो आणि ते पाणी कोठेतरी एकाच ठिकाणी उतारावर सोडतो. तेथे घळ पडते आणि दरवर्षी ती वर सरकत जाते. नव्या रस्त्याला ना-हरकत देताना त्याचा चढ सौम्य असणे, प्रत्येक ओहळावर मोरी असणे, मोरीच्या तोंडाशी दगडी फरशी असणे आणि कटाईचा मुरूम दरीत न ढकलणे या अटी लिहून घ्याव्यात.

मधला पट्टा हा लागवडीचा. त्यात आपल्या पूर्वजांनी घातलेल्या ताली हीच मोठी संपत्ती आहे, आणि फुटलेल्या तालीची दुरुस्ती नव्या कोणत्याही कामाच्या आधी यावी. साताऱ्याकडचे आले आणि सांगलीकडची हळद गादीवाफ्यांवर घेतली जातात. पाणी लवकर निघून जावे म्हणून हे वाफे अनेकदा उताराच्या दिशेने काढतात, आणि भुसभुशीत केलेली माती पहिल्याच वळवात ओढ्याला जाते. वाफे समपातळीला थोडा कल देऊन आडवे काढावेत आणि त्यांचे पाणी गवत वाढवलेल्या चारीतून ओढ्याकडे न्यावे. महाबळेश्वर-पाचगणी भागात स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांना हाच नियम लागू पडतो, शिवाय तेथील मल्चिंगचा प्लॅस्टिक कागद हंगामानंतर गोळा करण्याची जबाबदारी आराखड्यात नेमून द्यावी. सपाटीकरणाच्या नावाखाली ओहळ बुजवणे कोणत्याही शेतकऱ्याला, तो कितीही मोठा असो, मान्य होता कामा नये.

शेवटी काठ. नदीच्या किंवा ओढ्याच्या दोन्ही अंगांना नैसर्गिक झाडोऱ्याचा पट्टा राखावा. उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज आणि निर्गुडी ही काठाची झाडे आहेत, त्यांची मुळे दरड धरतात. मोठ्या नद्यांसाठी जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो: सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, आणि निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. ज्या ओढ्यांवर अशा रेषा आखलेल्या नाहीत तेथे गावाने २००५, २०१९ व २०२१ च्या पाण्याच्या खुणा रंगाने कायम कराव्यात आणि त्यांच्या आत नवे घर, गोठा, वीटभट्टी किंवा भराव होऊ देऊ नये. हे करताना ओढा ‘खोल व रुंद’ करण्याच्या कामाबद्दल एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. साठलेला गाळ काढणे योग्य. पण यंत्राने गाळाखालचा मुरूम व मांजऱ्या कापत गेले, तर शेजारच्या विहिरींना ओल देणारा थरच उघडा पडतो आणि काठावरच्या विहिरींचे पाणी ओढ्यात उतरून वाहून जाते. मुरूम लागला की यंत्र थांबले पाहिजे, ही अट कामाच्या आदेशातच असावी.

पाण्याचा ताळेबंद

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. त्या हिशेबाने १०० हेक्टरवर ५०० मिलिमीटर पडला तर ५० कोटी लिटर पाणी आले. ही संख्या मोठी वाटते, परंतु तिच्यातील बराचसा भाग बाष्प होऊन जातो किंवा वाहून जातो. आता एक हेक्टर ऊस वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाणी घेतो असे धरले, तर त्याला २ कोटी लिटर लागतात. म्हणजे चार हेक्टरांवर पडलेला सगळा पाऊस, एक थेंब न गमावता, एका हेक्टरला द्यावा लागेल. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा हिशेब फळ्यावर मांडून रब्बीची पिके ठरवावीत. पाणलोटाचे काम झाल्यावर वाढलेले पाणी पहिल्या दोन हंगामांतच नव्या विंधन विहिरींनी उपसले गेल्याची उदाहरणे दोन्ही जिल्ह्यांत आहेत, आणि मग माथ्यावर चराई सोडलेल्या माणसाच्या हाती काहीच उरत नाही.

या बाबतीत येरळेकाठच्या बळीराजा धरणाचा अनुभव अभ्यासावा. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यातील बलवडी आणि तांदूळवाडी येथील दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांनी नदीतील बेसुमार वाळू उपशाविरुद्ध लढा दिला, मर्यादित वाळूच्या विक्रीतून स्वतःच्या बंधाऱ्यासाठी पैसा उभारला आणि पाणी भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला समान वाट्याने द्यायचे ठरवले. पाण्याची वाटणी आधी ठरल्यामुळे पात्राच्या राखणीत प्रत्येकाचा वाटा आला. वाळू हीसुद्धा पाणी साठवणारी जमीनच आहे, हेही तेथील लोकांनी अनुभवातून ओळखले होते.

महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ प्रमाणे सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर निर्बंध आहेत; ग्रामपंचायतीने हे वर्तुळ आपल्या नकाशावर काढून ठेवावे.

ठरावाला बळ कसे द्यावे

ग्रामसभेचा ठराव एकट्याने खासगी जमिनीवर बंधन घालू शकत नाही, आणि हे लोकांना आधीच सांगावे. त्यामुळे एकच कागद न करता आराखडा तीन ठिकाणी नेऊन ठेवावा लागतो. पहिले म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखडा: त्यात पाणलोटाच्या नकाशाप्रमाणे कामे लिहिली की रोजगार हमी, मृद व जलसंधारण, कृषी आणि सामाजिक वनीकरण या विभागांचा निधी त्याच क्रमाने मागता येतो. दुसरे, जैवविविधता कायदा, २००२ खालील गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही. सडा, देवराई, झरे आणि काठाचा झाडोरा यांची नोंद तेथे करावी. तिसरे आणि खासगी जमिनीसाठी सर्वांत महत्त्वाचे, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालील प्रादेशिक योजना. शेती विभाग, वन विभाग, निवासी विभाग असे पट्टे त्या योजनेत ठरतात आणि शेतजमिनीचे प्लॉट होणे-न होणे त्यांवर अवलंबून असते. योजनेचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी ठरावीक मुदत असते. त्या मुदतीत नगररचना कार्यालयात गट क्रमांक, उताराची मोजमापे, झऱ्यांची यादी आणि ग्रामसभेचा ठराव असे सविस्तर निवेदन दिलेल्या गावाचे म्हणणे नोंदीवर येते. केवळ ‘निसर्ग वाचवा’ असे लिहिलेल्या अर्जावर अधिकाऱ्याला काहीच करता येत नाही.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. तेथील ग्रामस्थांनी अधिसूचनेची मराठी प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी, कारण बांधकाम, झाडतोड आणि खाणी यांबाबतचे बरेच नियम तीत आधीच आहेत आणि ते माहीत नसल्यामुळे वापरले जात नाहीत. पश्चिम घाटाबाबत माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये ग्रामसभांना निर्णयात स्थान देण्याचा आग्रह धरला होता. गावाचा स्वतःचा नकाशा तयार असेल, तर असे स्थान मिळाल्यावर बोलण्यासारखे काही हाती असते.

कामांचा क्रम आणि नोंदी

कामे माथा ते पायथा याच क्रमाने करावीत: चराई आणि वणव्याची बंधने, वणवा अडवण्यासाठी गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या जाळरेषा, गवत, मग चर व दगडी बांध, मग ताली, मग ओढ्यातील बांध, आणि सर्वांत शेवटी सिमेंट बंधारे. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये प्रथम आलेल्या कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने श्रमदानाची ताकद दाखवून दिली. अशी कामे पुढच्या वर्षांत टिकतात ती त्यांच्या वरच्या जमिनीचा वापर सांभाळला जातो तेथे.

नोंदी साध्या असाव्यात. पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजावा. निरीक्षणासाठी निवडलेल्या विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत घ्यावी, म्हणजे भूजल यंत्रणेच्या आकड्यांशी ताडता येते. दर मोठ्या पावसानंतर ओढ्यातील एक लिटर पाणी पारदर्शक बाटलीत भरून, दिवसभर स्थिर ठेवून, तळाशी बसलेल्या गाळाची उंची लिहावी. वरच्या पट्ट्यात काय घडते आहे हे या बाटलीइतक्या लवकर दुसरे काहीच सांगत नाही.

जिहे-कठापूर, टेंभू, म्हैसाळ यांसारख्या उपसा योजनांचे पाणी पूर्वेकडील गावांत येत आहे किंवा येणार आहे. पाणी येण्याची चाहूल लागताच माळाचे भाव वाढतात, गायरानाला कुंपणे पडतात आणि माथ्यालगतची उथळ जमीन उसासाठी फोडली जाते. म्हणून जेथे पाटाची आखणी सुरू झाली आहे तेथे गवताच्या माळाची आणि ओढ्याची मोजणी त्या आखणीच्या आधी उरकावी, नव्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची याचा ठराव त्याच वर्षीच्या ग्रामसभेत करावा आणि त्याची प्रत पाटबंधारे उपविभागाला पोहोच घेऊन द्यावी.